दहा कोऱ्या डिस्क आणि एक खुर्ची

डिस्कवर लिहिणारं यंत्र मी घेतलं ते नदीच्या पाण्यासाठी. आमच्या लेस्कोवात्स गावच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं मी रोज पाणी तपासते, आणि त्या अकरा वर्षांची मोजमापं फ्लॉपींवर पडून होती. फ्लॉपी ही वस्तू किती दिवस जगते हे मला माहीत होतं. म्हणून बेत असा ठरवला, की सुटीच्या दिवशी सकाळी कॉफी करायची, सगळी मोजमापं एका डिस्कवर चढवायची, वर तारीख घालायची आणि डिस्क कपाटात ठेवून द्यायची. या बेतात दुसरं कुणी नव्हतं. माझ्या बेतांत सहसा कुणी नसतं, आणि म्हणूनच ते पार पडतात.

चूक एकच झाली. सोमवारी संध्याकाळी त्या यंत्राचं, म्हणजे रायटरचं, खोकं पिशवीत न घालता मी तसंच हातात धरून जिना चढले. आमची लिफ्ट सहा वर्षांपूर्वी बंद पडली. तेव्हापासून इमारतीत कोण काय आणतं हे प्रत्येक मजल्यावर थांबून सांगावं लागतं. तिसऱ्या मजल्यावर यागोदाकाकू दारात मिरच्या निवडत बसल्या होत्या. त्यांनी खोकं पाहिलं, काय आहे ते विचारलं, आणि मी खरं उत्तर दिलं. विज्ञान शिकलेल्या माणसाला ही वाईट सवय असते. मी चौथ्या मजल्यावर पोचून कुलूप उघडेपर्यंत बातमी तळमजल्यावर पोचली होती. माझ्या यंत्राचा वेग खोक्यावर छापला होता, पण काकूंच्या वेगापुढे तो काहीच नव्हता.

अर्ध्या तासाने रादोयेकाका आले. तळमजल्यावर राहणारे, पोस्टातून निवृत्त झालेले, तारखात्यात चाळीस वर्षं काढलेले गृहस्थ. बोलताना शब्दाला पैसे पडतात अशी त्यांना अजून धास्ती असावी, कारण ते फारसं बोलतच नाहीत. दारात उभे राहिले, टोपी काढली, आणि सांगितलं की सुन्चित्साचं लग्न या शनिवारी ग्राझला आहे आणि त्यांना व्हिसा मिळालेला नाही.

सुन्चित्सा त्यांची एकुलती एक मुलगी. आई नसलेली. ती ऑस्ट्रियात परिचारिका आहे आणि तिथल्याच मुलाशी लग्न करत होती. व्हिसाच्या खिडकीतल्या बाईने काकांना विचारलं होतं, की तुम्ही परत याल याचा पुरावा काय. काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की सप्टेंबर आहे, घरी साठ किलो मिरच्या येऊन पडल्या आहेत, त्या भाजायच्या आहेत. आमच्या गावात यापेक्षा भक्कम पुरावा न्यायालयातसुद्धा मागत नाहीत. वर्षभराचा अय्वार, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांची चटणी, घालायचा बाकी असताना माणूस मरायलाही तयार नसतो, मग परदेशी राहायला कसा होईल? पण खिडकीतली बाई अय्वार बाजारातून बाटलीत घेत असावी. तिने नकाराचा शिक्का मारला.

"लग्नात मुलीच्या बापाने ग्लास हातात घेऊन दोन शब्द बोलायचे असतात," काका म्हणाले. "मी तिथे नाही. तुझ्या यंत्रात माझे दोन शब्द मावतील का गं, नेवेन्का?"

मी म्हणाले, दोन नाही, बायबल मावेल. हे वाक्य मी बोलायला नको होतं, कारण जिन्यात यागोदाकाकू उभ्या होत्या.

परदेशी जाणारी बस शुक्रवारी चार वाजता सुटते. आमच्याकडे टपालावर कुणाचा विश्वास नाही, काकांचा तर अजिबात नाही, कारण ते आतून पाहून आलेत. जे पाठवायचं ते बसच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचं, आणि ज्याला मिळायचं त्याने पहाटे तिकडच्या थांब्यावर उभं राहायचं. म्हणजे माझ्याकडे चार दिवस होते. अडतीस सेकंदांच्या बोलण्यासाठी चार दिवस मला भरपूर वाटले. अडतीस हा आकडा मी काकांनी लिहून आणलेला कागद घड्याळ लावून वाचून काढला होता. मोजमापाशिवाय मी काही सुरू करत नाही.

बुधवारी चित्रीकरण झालं. कॅमेरा माझ्या भाच्याचा. काका लग्नाचा सूट घालून आले. हा सूट त्यांनी प्रवासासाठी शिवला होता, तो आता चार मजले चढण्यापुरता कामी आला. हातात ग्लास दिला, ग्लासात राकिया, आमची फळांची दारू, ओतली, कॅमेरा सुरू केला, आणि काका ओळखपत्राच्या फोटोला उभं राहावं तसे उभे राहिले. मग त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, पत्ता सांगितला आणि थांबले. दुसऱ्यांदा पत्ता गाळला, पण मुलीचं नावही गाळलं. सातव्यांदा सगळं आठवलं तेव्हा कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. चौदाव्यांदा ते कागद बघून सगळं वाचू शकले, फक्त आवाज असा लागला की कुणीतरी वारल्याची तार वाचतोय. मी म्हणाले, छान झालं. प्रयोगशाळेत मी असं खोटं कधीच बोलले नसते.

तेवढ्यात मोम्चिलो आले. हे आमच्या इमारतीच्या समितीचे अध्यक्ष. कंप्युटर असलेल्या कुणालाही ते इंजिनियर म्हणतात, त्यामुळे गेली काही वर्षं मी इंजिनियर आहे. त्यांचं म्हणणं असं पडलं, की वधू याच इमारतीत वाढली, तेव्हा इमारतीतर्फेही अधिकृत शुभेच्छा जायला हव्यात. ते एकोणीस मिनिटं बोलले. त्यात वधूचा उल्लेख दोनदा आला आणि लिफ्टचा अकरा वेळा. लिफ्ट बंद पडण्यात मागच्या समितीचा हात कसा होता हे ग्राझमधल्या वऱ्हाडाला आता कागदपत्रांच्या तारखांसह कळणार होतं.

मग यागोदाकाकूंनी मागे राहायला नकार दिला. पण त्यांना भाषण करायचं नव्हतं. त्या एक भाजलेली मिरची घेऊन कॅमेऱ्यासमोर बसल्या आणि साल कशी काढायची ते दाखवायला लागल्या. देठाकडून सुरुवात करायची, पाण्याखाली धरायची नाही, पाण्यात चव जाते. "हे पोरीला आईने दाखवायचं असतं," त्या कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "आता आई नाही तर मी आहे." मी कॅमेरा बंद केला नाही, सगळी मिरची चित्रित झाली. बारा मिनिटं.

अडतीस सेकंदांची अशी बत्तीस मिनिटं झाली. तरी डिस्कवर जागा भरपूर होती. जागेची अडचण मला कधी आलीच नाही. माणसांची आली.

गुरुवारी संध्याकाळी पहिली डिस्क लिहिली. ती कंप्युटरवर चालत होती, दूरदर्शन संचाच्या प्लेअरवर चालत नव्हती. यात दोष माझा होता आणि त्याबद्दल मला अधिक काही सांगायचं नाही.

शुक्रवारी मी कामावरून रजा काढली. अकरा वर्षांतली माझी ही तिसरी रजा, आणि आधीच्या दोन अंत्यविधींसाठी होत्या. सकाळी आठ वाजता सुरुवात केली. बाहेर तेव्हाच उकाडा होता. आमच्या छपराखालच्या घरात तो दुपटीने असतो, म्हणून मी दोन्ही खिडक्या उघडल्या. यंत्राला गार हवा लागते. हे मी ठरवलेलं नाही, यंत्रासोबतच्या पुस्तकात चित्रासह दिलेलं आहे. दुसरी डिस्क नव्वद टक्क्यांवर गेली तेव्हा मी स्वयंपाकघरात कॉफी बघायला गेले. परत आले तर दोन्ही खिडक्या बंद, खोली भट्टीसारखी, पडद्यावर चूक झाल्याची लाल पाटी, आणि खुर्चीत यागोदाकाकू. त्या मदतीला आल्या होत्या.

इथे सांगायला हवं, की आमच्याकडे लोक बॉम्बहल्ल्यातून वाचतात पण समोरासमोरच्या दोन उघड्या खिडक्यांमधून वाचत नाहीत. खोलीतून आरपार वाहणारा वारा कान घेतो, पाठ घेतो, मूत्रपिंड घेतो. काकूंच्या यजमानांना त्याने नेलं, असं त्या सांगतात. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं हृदयविकार, पण डॉक्टर तेव्हा त्या खोलीत नव्हते. मी काकूंना समजावलं की यंत्राला कान नाहीत. त्या म्हणाल्या, तुला तर आहेत. मग मी तापमानाचा आलेख काढून दाखवला. काकूंनी तो नीट पाहिला आणि विचारलं, की बाळा, वाऱ्यात बसून काढलास का. मी खिडक्या उघडल्या. तिसऱ्या डिस्कला मी दारापर्यंत मोम्चिलोंना आत घ्यायला गेले, तेवढ्यात काकूंनी पुन्हा बंद केल्या. माझ्या प्रेमापोटी. माझा कधीही इतक्या प्रेमाने पराभव झाला नव्हता.

चौथीला वीज गेली. सप्टेंबरचा पहिला आठवडा, प्रत्येक गॅलरीत विजेची शेगडी, प्रत्येक शेगडीवर मिरच्या. इमारतीचा मुख्य फ्यूज हे सहन करत नाही आणि त्याचं मला आश्चर्यही वाटत नाही. मोम्चिलोंनी खाली जाऊन फ्यूज बदलला. पाचवीला पुन्हा गेला. सहावी अगदी पूर्ण झाली, पण ती मी टेबलावर ठेवली होती आणि काकूंनी माझ्यासाठी केलेल्या कॉफीचा कप तिच्यावर ठेवला. त्यांचं म्हणणं, मधे भोक आहे, कडेला चकाकी आहे, हिला बशी नाहीतर काय म्हणायचं.

या सगळ्या वेळात रादोयेकाका दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. सूट घालून. ते दर थोड्या वेळाने घड्याळ बघत. एकदा मी त्यांना म्हणाले, की काका, खाली जाऊन आराम करा, झाली की हाक मारते. ते म्हणाले, "तार पाठवणारा माणूस खिडकीसमोरच उभा राहतो. मी कितींना पाहिलंय. घरी जा म्हटलं तरी जात नाहीत." आणि बसून राहिले. त्यानंतर मला काकूंवर रागावणंही जमेना.

बाराला सातवी डिस्क झाली. पूर्ण झाली, प्लेअरवर चालली, काका दिसले, त्यांचा पत्ता ऐकू आला नाही, सगळं जसं हवं तसं. मी ती पाकिटात घातली आणि दोन मिनिटं गॅलरीत जाऊन उभी राहिले. कुणालाही ती दोन मिनिटं लागली असती.

मोम्चिलो त्या दोन मिनिटांत विचार करत होते. सीमेवर नकली गाण्यांच्या डिस्क पकडतात हे त्यांनी ऐकलं होतं. तेव्हा ही डिस्क विक्रीची नाही, खाजगी आहे, याचं प्रमाणपत्र हवं. आमच्याकडे कुठल्याही कागदावर गोल शिक्का असला की तो खरा, नसला की तो रद्दी, आणि समितीचा गोल शिक्का मोम्चिलो चष्म्याच्या डबीत घालून कायम खिशात बाळगतात. त्यांनी प्रमाणपत्र लिहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की कागद हरवू शकतो. म्हणून शिक्का थेट डिस्कवरच मारावा. एका बाजूला कंपनीचं नाव छापलेलं होतं, तिथे जागा नव्हती. दुसरी बाजू मात्र छान कोरी, स्वच्छ आणि चकचकीत होती.

जांभळ्या शाईत, अगदी मध्याजवळ, शेजारी सही.

"इंजिनियर, वाळू द्या जरा," ते म्हणाले.

मी आयुष्यात आवाज चढवलेला नाही आणि तेव्हाही चढवला नाही. मी फक्त त्यांना विचारलं, की नदीच्या पाण्यात तुम्ही शिक्का मारता का. ते म्हणाले, कुणी अर्ज केला तर विचार करता येईल. शाई पुसायला मी प्रयोगशाळेतलं स्पिरिट वापरलं. शाई गेली. तिच्यासोबत शुभेच्छाही गेल्या.

आणलेल्या दहांपैकी आता तीन डिस्क उरल्या होत्या. आठवी मुळातच खराब निघाली. हा या हकिकतीतला एकमेव अपघात ज्यात कुणीही मदत केलेली नव्हती. नववी लिहायला घेतली आणि पलीकडच्या जिन्यातल्या कुणीतरी शेगडी लावली, पुन्हा वीज गेली. तेव्हा अडीच वाजले होते.

त्यानंतर जे झालं ते आमच्या इमारतीच्या इतिहासात पूर्वी झालेलं नाही. यागोदाकाकू उठल्या, जिन्यात गेल्या आणि प्रत्येक दारावर थापा मारत खालपर्यंत गेल्या. रादोयेच्या पोरीचं काम आहे, शेगड्या बंद करा. मोम्चिलोंनी पलीकडच्या जिन्यासाठी आदेश काढला, शिक्क्यासह. आणि सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी, भर दुपारी, दोन्ही जिन्यांत चाळीस मिनिटं एकही मिरची भाजली गेली नाही. या त्यागाचा अर्थ फक्त आमच्या गावच्या माणसालाच कळेल. काकू परत आल्या, माझ्या दोन्ही खिडक्यांकडे बघितलं, डोक्याला लोकरीचा रुमाल घट्ट गुंडाळला आणि खिडक्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसल्या. वारा त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेतला. दहावी डिस्क तीन वाजून बावीस मिनिटांनी झाली. चांगली झाली.

आम्ही चौघं बसथांब्यावर पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. ड्रायव्हरचं नाव व्लायको. दारात मावणार नाही असा माणूस, आणि तो एकोणीस वर्षं त्याच दारातून चढतो-उतरतो आहे. त्याच्या पायाशी लोकांनी दिलेला माल होता. चीज, दोन बरण्या अय्वार, एका आजीने दिलेलं धुरावलेलं मांस, राकियाचा पाच लिटरचा कॅन. यातलं काहीही सीमेपलीकडे न्यायची परवानगी नाही. तो सगळं घेत होता. मी डिस्क पुढे केली.

त्याने हात मागे घेतला.

चीज चालेल, मांस चालेल, जिवंत कोंबडी असली तरी बघू, पण डिस्क नाही, असं त्याचं म्हणणं. मागच्या आठवड्यात एका प्रवाशाच्या पिशवीत दोन डिस्क सापडल्या आणि बस सीमेवर सात तास उभी होती. सीट उसवून बघितल्या. मी सांगितलं की यात फक्त बापाच्या शुभेच्छा आहेत. मोम्चिलोंनी प्रमाणपत्र काढलं. व्लायकोने ते वाचलं आणि म्हणाला, की साहेब, कागद बिनशिक्क्याचा असता तर एक वेळ घेतली असती, एवढा मोठा शिक्का बघून तर त्यांना नक्कीच संशय येईल.

माझं ज्ञान तिथे संपलं. चार वाजायला दहा मिनिटं होती. मी हातात डिस्क घेऊन उभी होते आणि मला पहिल्यांदाच असं वाटलं, की माझ्याजवळ सगळं अगदी बरोबर आहे आणि त्याचा काही उपयोग नाही.

रादोयेकाका पुढे आले. त्यांनी टोपी काढली.

"तुझी बस ग्राझला किती वेळ थांबते?" त्यांनी विचारलं.

"तिथेच शेवट. उद्या आराम, परवा परत."

"लग्न उद्या दोनला. थांब्यापासून चार रस्ते." काकांनी टोपी काखेत धरली. "मी चाळीस वर्षं दुसऱ्यांचे निरोप पोचवले. माझा तू तोंडी पोचवशील?"

व्लायकोने त्यांच्या सुटाकडे पाहिलं. मग बसच्या पायरीवर बसला, म्हणजे बस एका बाजूला किंचित कलली, आणि म्हणाला, "सांगा."

आणि काकांनी सांगितलं. चौदा वेळा कॅमेऱ्यासमोर जे जमलं नाही ते त्यांनी एका घामेजलेल्या ड्रायव्हरला एका दमात सांगितलं. कागद त्यांच्या खिशातच राहिला.

"सुन्चित्सा, जावईबापू. तुमच्या दारावरची घंटा नेहमी चांगल्याच माणसाने वाजवावी. भांडलात तर जेवणाआधी मिटवा, अन्न गार होतं. तुझ्या आईला आज आनंद झाला असता आणि ती नक्की रडली असती, तेव्हा दोन्ही तिच्या वाटचं तूच कर. मी तिथे नाही. पण माझी खुर्ची रिकामी ठेवू नका. कुणालातरी तिच्यावर बसवा."

कागदावर यातला खुर्चीचा भाग नव्हता. मी तो कागद वाचलेला होता.

व्लायकोने ते म्हणून दाखवलं. पहिल्यांदा घंटा विसरला. दुसऱ्यांदा भांडण आणि जेवण उलटसुलट केलं. काकूंनी दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही. मी मनातल्या मनात जुळवून बघत होते. बस आठ मिनिटं उशिरा सुटली आणि एकाही प्रवाशाने तक्रार केली नाही. मागच्या सीटवरची एक बाई नाक पुसत होती.

रविवारी संध्याकाळी सुन्चित्साचा फोन आला. काकांच्या घरी फोनभोवती आम्ही सगळे उभे होतो. त्यांनी रिसीव्हर कानापासून थोडा लांब धरला, म्हणजे आम्हालाही ऐकू येईल.

ती रडत होती की हसत होती हे सुरुवातीला कळेना. म्हणाली, बाबा, जेवण वाढायच्या आधी एक प्रचंड माणूस दारात आला. इस्त्रीचा शर्ट, ओले केस. आम्हाला वाटलं वाट चुकला. त्याने कुणाचातरी ग्लास उचलला आणि म्हणाला, की मी लेस्कोवात्सहून बापाचा निरोप घेऊन आलोय. आणि उभ्याने सगळं म्हणाला. मग सासरच्यांसाठी जर्मनमधेही म्हणाला. त्याला जर्मन फक्त बसपुरतं येतं, पण सगळ्यांना समजलं. शेवटी म्हणाला, खुर्ची रिकामी ठेवू नका, कुणालातरी बसवा. मग त्याने इकडेतिकडे बघितलं, तुमची खुर्ची शोधली आणि तोच बसला.

काकांनी रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला.

"जेवला का?" त्यांनी विचारलं.

"तीनदा वाढून घेतलं."

"खुर्ची टिकली का पण? माणूस जड आहे."

"मोडली, बाबा."

"मोडली?"

"जेवण झाल्यावर. नाचायला उठताना."

"जेवण झाल्यावर ना," काका म्हणाले आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसले. "मग हरकत नाही."